जिन्याखाली मांजरीची पिल्लं सापडली, आता पुढे काय?

तशी मुंबईत मांजरी बारा महिने वितात, पण उन्हाळा तापायला लागला की पाऊस ओसरेपर्यंत पिल्लं जरा जास्तच दिसतात. मीटरच्या खोलीत, जिन्याखालच्या अडगळीत, गच्चीवरच्या टाकीमागे, कव्हर घातलेल्या स्कूटरखाली. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतं. खाली हृदयं पडतात, सेक्रेटरी 'कुठेतरी नेऊन सोडा' म्हणतात आणि शेवटी एखादंच माणूस खोकं घेऊन खाली उतरतं. हा लेख त्या खोकंवालीसाठी किंवा खोकंवाल्यासाठी.

खोकं घ्या, पण लगेच भरू नका

पहिला प्रश्न पिल्लांचा नाही, आईचा. पाजणाऱ्या भाटीला भूक प्रचंड असते, त्यामुळे ती तासन्‌तास बाहेर असू शकते. शिवाय मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. जागा धोक्याची वाटली की ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून हलवते. तुम्हाला दिसलेली दोन पिल्लं म्हणजे तिच्या पुढच्या खेपेची वाट बघणारी दोन असू शकतात.

पिल्लं ऊबदार आहेत, पोटं गरगरीत आहेत आणि एकमेकांवर पाय टाकून गुमान झोपलीत, तर आई जवळपासच आहे असं समजा. तिथे उभं राहून पहारा दिलात तर ती येणार नाही. पिल्लांभोवती गव्हाच्या पिठाचं पातळ रिंगण घाला आणि चार-सहा तासांनी परत या. पिठात पंजे उमटलेले दिसले की प्रश्न मिटला. रात्रपाळीच्या वॉचमनलाही विचारा. 'ती पांढरी ना मॅडम? ती दोन-अडीचला येते, पंपाच्या खोलीकडनं,' इतकी नेमकी माहिती दुसरं कुणी देत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकून देते, ही समजूत मात्र सोडा. एकदा उचलून परत ठेवलीत म्हणून ती त्यांना टाकत नाही.

वाट बघू नये असेही प्रसंग असतात. पिल्लं हाताला थंड लागताहेत, भिजलीत, मुंग्या लागल्यात, न थांबता ओरडताहेत, किंवा ती जागा जोराच्या पावसात पाण्याखाली जाणार हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी सरळ उचला.

आई असेल आणि माणसाळलेली असेल तर सगळं कुटुंबच आत घ्या. तिच्याइतकं चांगलं तुम्ही काहीही करू शकणार नाही. ती रानटी असेल तर तिला खाणं-पाणी आणि कोरडं खोकं द्या आणि पिल्लं आपली आपण खायला लागली, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची झाली, की आत आणा. आई नसेलच, तर आता तुम्ही आई.

वय ओळखलं की निम्मं काम झालं

दूध द्यायचं की जेवण, शी-शूचा ट्रे हवा की कापूस, सगळं वयावर ठरतं. डोळे पूर्ण बंद, कान डोक्याला चिकटलेले आणि नाळेचा सुकलेला तुकडा अजून पोटाला असेल, तर पिल्लू आठवड्याच्या आतलं. डोळे 7 ते 14 दिवसांत उघडतात आणि सगळ्या पिल्लांचे सुरुवातीला निळेच असतात, त्यामुळे 'विदेशी जात दिसते' म्हणून हुरळून जाऊ नका. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात, पुढचे बारीक दात टोचायला लागतात आणि पिल्लू झोकांड्या खात चालतं. चौथ्यात सुळे येतात, शेपटी वर करून पळापळ सुरू होते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास डोळ्यांचा निळा रंग बदलू लागतो.

वजनावरूनही अंदाज येतो. जन्मतः साधारण 100 ग्रॅम आणि पुढे आठवड्याला सुमारे 100 ग्रॅमची भर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, त्यावर एक वाडगा ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी वजन करून लिहून ठेवा. रोज 10 ग्रॅमच्या आसपास वाढलं पाहिजे. एक दिवस वजन अडलं तर सावध व्हा, घटलं तर डॉक्टर गाठा. लहान पिल्लू आजारी आहे हे चेहऱ्यावरून कळण्याआधी काट्यावर कळतं.

आधी ऊब, मग दूध

हा क्रम चुकवू नका. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही. थंड पडलेल्या पिल्लाचं आतडंही थंडावलेलं असतं, दूध पचत नाही, ते उलट फुप्फुसात जायचा धोका असतो. म्हणून तोंड आतून थंड लागत असेल तर दुधाची बाटली बाजूला ठेवा. रबरी पिशवीत किंवा साध्या बाटलीत गरम पाणी भरा, जुन्या सुती साडीत गुंडाळून खोक्याच्या एकाच अर्ध्या भागात ठेवा. दुसरा अर्धा मोकळा हवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. 'मुंबईत कसली थंडी' असं वाटतं, पण आपल्याला घाम फुटलेला असताना पंख्याखाली ठेवलेलं आठवड्याचं पिल्लू गारठतं. त्या वयात त्याला 30 अंशांच्या आसपासची ऊब लागते.

आता दूध. आपल्या सगळ्या म्हणींत मांजर दूधच पिताना सापडतं, पण पिशवीतलं गाई-म्हशीचं दूध पिल्लाला झेपत नाही. जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे दिवसाभरात जिवावर बेतणं. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन 'किटन मिल्क रिप्लेसर' नावाची पावडर मिळते, तीच आणा. रात्री-अपरात्री काहीच मिळत नसेल तर एखाद-दोन वेळेपुरतं शेळीचं दूध चालवून घ्या, पण त्यावर वाढवू नका.

पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, पुढे चार ते सहा. एका वेळेला वजनाच्या दर 100 ग्रॅममागे साधारण 4 मिली. म्हणजे 250 ग्रॅमच्या पिल्लाला 10 मिली. पोट छोटं असतं, प्रेमापोटी जास्त घालू नका. नोकरी असेल तर हे एकट्याने निभत नाही, हे आधीच मान्य करून घरातल्यांच्या पाळ्या लावा किंवा मजल्यावरच्या काकूंना सांगा. निवृत्त काका-काकू या कामात भलत्याच तयार निघतात.

पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पोटावर, चारही पंजे टेकवून, मान किंचित वर. आईला पिताना ते जसं पडलेलं असतं तसं. दूध मनगटावर टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे. बाटली उलटी केली तर थेंब हळूहळू पडावा, धार लागता कामा नये. निपल नीट तोंडात बसलं की जीभ त्याच्याभोवती पन्हाळीसारखी वळते आणि प्रत्येक घोटाला दोन्ही कान मागेपुढे हलायला लागतात. कान हलताहेत म्हणजे दूध जातंय. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसा. नंतर धाप लागली किंवा श्वासाला खरखर आली तर तो फुप्फुसाचा प्रश्न, डॉक्टरांकडेच जायला हवं. सिरिंजने पाजत असाल तर सुई अर्थातच काढायची आणि थेंबाथेंबाने द्यायचं. पटकन दाबली की घात.

दुधानंतरचं काम नवख्यांना माहीत नसतं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि मागच्या बाजूला हलकेच पुसत राहा. शू प्रत्येक वेळी व्हायला हवी, शी दिवसातून एकदा-दोनदा.

जेवण आणि ट्रे

चौथ्या आठवड्याच्या सुमारास ताटलीत ओलं किटन फूड पावडरीच्या दुधात पातळ करून ठेवा. पहिल्या दिवशी पिल्लू त्यात खाण्यापेक्षा चालतंच जास्त. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटतं. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन बिनहाडाचं, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता. बोंबील-मांदेली मांजरांना प्रिय असली तरी नुसत्या मासळीवर पिल्लं वाढत नाहीत, कच्च्या मासळीवर तर नाहीच नाही. शाकाहारी घरात मांजर पाळायचं ठरत असेल तर हा प्रश्न आधी सोडवा. मांजराला टॉरिन हा घटक मांसाहारातून लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. दूधभातावर मांजर जगवणं म्हणजे हळूहळू उपाशी ठेवणं.

ट्रेचं शिक्षण सगळ्यात सोपं. कमी उंचीचा ट्रे, त्यात लाकडी पेलेटची लिटर (शी-शू शोषून घ्यायला पसरतात ती) किंवा सध्यापुरते वर्तमानपत्राचे तुकडे. पाण्याने गोळा होणारी लिटर दोन-तीन महिन्यांपर्यंत नको, पिल्लं ती खाऊन बघतात. जेवण झालं की ट्रेमध्ये ठेवा, बाकीचं त्यांच्या रक्तातच आहे.

घरात कुणी गरोदर असेल की 'मांजर आधी बाहेर काढा' हा हुकूम ठरलेला. भीती टॉक्सोप्लाझ्माची असते. मांजराच्या विष्ठेतला तो जंतू बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे ट्रे रोज साफ झाला आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही, तर मांजर आणि बाळ दोघंही त्याच घरात राहू शकतात. शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा.

डॉक्टर, जंत, पिसवा

आणल्यावर एक-दोन दिवसांत दाखवून घ्या. जवळ डॉक्टर नसतील तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहेच, जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते चालवणारी प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठीची संस्था 1874 पासूनची आहे. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून सुरू होतं, मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. तीन आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. लशी पूर्ण होईपर्यंत घरातल्या मोठ्या मांजरापासून वेगळी खोली, नाही तर निदान वेगळा कोपरा आणि वेगळे वाडगे.

पिसवांना हसण्यावारी नेऊ नका, लहान पिल्लाचं रक्त त्या इतकं पितात की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. बारीक दातांची फणी घ्या, कोमट पाण्यात साबण कालवून ठेवा आणि एकेक पिसू त्यात बुडवा. कुत्र्यांचं गोचिडांचं औषध किंवा पावडर मुळीच लावायची नाही. त्यातलं परमेथ्रिन मांजरांसाठी विष आहे.

एक सांगायलाच हवं. पिल्लाने चावलं किंवा ओरबाडून रक्त काढलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. 'एवढंसं तर पिल्लू आहे' हे कारण इथे चालत नाही.

माणसाळवणं

इथवरचं सगळं पिल्लू जगावं म्हणून. ते माणसांत रमावं यासाठी मात्र मुदत फार थोडी असते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसलं की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लं माणसांशी सर्वांत सहज जोडली जातात, आणि रोज 15 मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा 40 मिनिटं हाताळलेली जास्त धीट निघतात. याचा अर्थ एवढाच की 'जरा मोठी होऊ देत, मग लळा लावू' म्हणून थांबायचं नाही.

पाच-सहा आठवड्यांचं रस्त्यावरचं पिल्लू आणलं की ते पाठ कमानीसारखी करून फिस्कारतं, थुंकल्यासारखा आवाज काढतं. तो राग नाही, भीती आहे. त्याला सगळं घर दाखवू नका. वन-बीएचकेत वेगळी खोली कुठून आणायची? बाथरूम, बाल्कनीचा बंद केलेला भाग, नाही तर भाड्याने आणलेला मोठा पिंजरा, काहीही चालेल. आत ट्रे, पाणी आणि लपायला एक खोकं. लपायला जागा असली की पिल्लू लवकर बाहेर येतं, सगळीकडून उघडं पडलं की कोपऱ्यात घुसून बसतं.

पहिला दिवस नुसतं जाऊन बसा. जमिनीवर, अंगाने तिरके, फोन बघत. टक लावून पाहायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि उघडा. आवाज असू द्या, वर्तमानपत्र मोठ्याने वाचलंत तरी चालेल. जेवण नेहमी तुमच्यासोबतच आलं पाहिजे, वाडगा भरून ठेवून निघून जाऊ नका. आधी वाडगा लांब, मग जवळ, मग मांडीशेजारी. मग लांब दांड्याच्या चमच्यावर उकडलेलं चिकन बारीक वाटून. पिल्लू चमचा चाटू लागलं की दर वेळी चमचा थोडा आखूड धरा, शेवटी बोटावर. भुकेचा उपयोग करा, पण उपाशी ठेवू नका.

पहिला स्पर्श खाताना करा, आणि वरून नाही. वरून येणारा हात म्हणजे घार. खालून, बाजूने, गालाला किंवा हनुवटीखाली एक बोट. दचकलं तर हात झटकन मागे घेऊ नका, तिथेच स्थिर ठेवा. खाणं चालू राहिलं तर मानेमागे, पाठीवर. उचलायचं तर टॉवेलमध्ये पोळीत भाजी गुंडाळतो तसं गुंडाळून, तोंड बाहेर, छातीशी धरून, मिनिटभर. सोडण्याआधी एक घास. मानगुटीला धरून उचलणं आईला शोभतं, आपल्याला नाही. एखाद्या क्षणी अंगातून घरघर ऐकू येते, तेव्हाही मोह आवरा आणि पिल्लू कंटाळायच्या आत खाली ठेवा.

भावंडांपैकी एखादं फारच बुजरं असेल तर ते धीटांच्या मागे लपून राहतं आणि तसंच मोठं होतं. त्याला दिवसातून काही वेळ एकट्याला घेऊन बसा. बाकी भावंडं निदान आठ आठवडे एकत्रच हवीत, बारा झाले तर उत्तम. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं. म्हणूनच मी दोन पिल्लं एकत्र दत्तक द्यावीत या मताची आहे, घर लहान असलं तरी. एकटं पिल्लू तुमच्या घोट्यांवर शिकार शिकतं.

हाताशी खेळवू नका. आता गुदगुल्या वाटतात, सहा महिन्यांनी टाके पडतील. काठीला दोरी, दोरीला कापडाचा तुकडा, एवढं पुरतं. खेळ संपताना ते 'सावज' पकडू द्या आणि मग जेवण. खेळून झालं की दोरी मात्र कपाटात.

तुमच्याशी गट्टी जमली म्हणजे माणसांशी जमली असं होत नाही. वेगवेगळी माणसं लागतात: भरदार आवाजाचा पुरुष, चष्मेवाल्या आजी, शांत बसू शकणारं शाळकरी मूल. प्रत्येकाच्या हातात खाऊ. आवाजही ओळखीचे व्हायला हवेत: कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल. मिक्सर आधी दुसऱ्या खोलीत, दार लावून, आणि त्याच वेळी जेवण. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके अशा वेळी पिल्लाला लपू द्या, ओढून बाहेर काढून 'काही नाही गं' करत बसू नका. रोज पंजे दाबून नखं बाहेर काढून बघा, कानात डोकवा, ओठ वर करा. डॉक्टरांकडे याचं महत्त्व कळेल. वाहून न्यायची बास्केट घरात कायम उघडी असू द्या, आत जेवणही द्या, म्हणजे ती दिसली की पिल्लू पलंगाखाली पळणार नाही.

वेळ किती लागेल? आठ आठवड्यांच्या आतल्यांना बहुधा काही दिवस ते दोन आठवडे. तीन महिन्यांच्या पुढे महिने लागू शकतात. चार-पाच महिन्यांचं, माणसाला कधी न शिवलेलं मांजर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कोंडून ठेवण्यापेक्षा नसबंदी करून त्याच्या जागी सोडा आणि रोज खायला घाला.

घरातले सापळे

क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ताप वाटला म्हणून कधीही पॅरासिटामॉल देऊ नका. डांबरगोळ्या, फिनेल, डेटॉल, लिलीची फुलं हे सगळं विषारी. लादी पुसल्यावर पिल्लू तिच्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं, हे लक्षात ठेवा. गजऱ्याचा दोरा, राखी, शिवणाचा धागा गिळला तर आतडं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. सोफा-कम-बेड मिटताना आणि वॉशिंग मशीन लावताना आधी आत बघा.

आणि खिडक्या. ग्रिलमधून डोकं गेलं की अख्खं पिल्लू जातं. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजर नखांनी, दातांनी फाडतं, म्हणून जाड किंवा तारेची जाळी लावा. 'मांजर कुठूनही पडलं तरी पायावर उतरतं' हे अकराव्या मजल्यावर उपयोगाचं नसतं.

द्यायचं असेल तर

मासळी बाजारात सोडणं हा आपल्याकडचा जुना उपाय, 'तिथे खायला मिळेल' म्हणून. तिथे आधीची मांजरं असतात, कुत्री असतात, टेम्पो असतात, आणि घरात वाढलेल्या पिल्लाला यातलं काहीच ठाऊक नसतं. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं 1960 च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

दत्तक द्या, पण आठ आठवड्यांच्या पुढे, पहिली लस झाल्यावर आणि घर बघून. खिडकीला जाळी आहे का, घर भाड्याचं असेल तर मालकांना चालतंय का, गावी जाताना मांजर कोण बघणार, हे विचारताना संकोच करू नका. ज्याला राग येतो त्याला पिल्लू द्यायचं नाही. नसबंदीचं वचन घ्या आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन करून आठवण द्या, कारण भाटी त्याच वयात गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुन्हा जिन्याखाली खोकं लागतं. त्या पहिल्या आईलाही पकडून नसबंदी करून घ्या, एक पिंजरा आणि थोडी सुकट एवढ्यावर काम होतं.

सोबत त्याच्या अंथरुणाचा न धुतलेला कपडा, ट्रेमधली मूठभर लिटर आणि आठवडाभराचं तेच खाणं द्या. नवीन घरीही पहिले काही दिवस एकच खोली, हे त्यांना लिहून द्या, आणि पिल्लू पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणून पहिल्याच रात्री त्यांचा फोन आला तर पलंगाखाली ताटली सरकवून झोपायला सांगा.